शारजाचा कॉल आणि काचेतलं चिमूटभर अर्बियम

मागच्या रमजानमधली गोष्ट. शारजाहून आमच्या मोठ्या भाईंचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे इफ्तार उरकली होती, चहा उकळत होता. त्यांच्याकडे मगरिबला अजून तासभर होता. अम्मी फोनच्या काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "किती बारीक झालास रे!" भाई हसले, ते हसणं त्याच क्षणी आमच्या ओटीवर ऐकू आलं. नववीतला पुतण्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "दादी, हे सगळं आभाळातून येतं, सॅटेलाइटवरून." आम्ही म्हणालो, "नाही बेटा, समुद्राच्या तळातून येतं. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून." कुणाचाच विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर तिघे सोडून सगळ्यांचे हात सॅटेलाइटसाठी वर. म्हणून हा लेख लिहायला घेतला.

आपल्या कोकणात घरटी एखादा माणूस आखातात असतोच. आमच्या लहानपणी ट्रंक कॉल लावायला पोस्टात जावं लागे, म्हणून लोक कॅसेट भरून पाठवायचे. अर्धा तास टेपसमोर बसून सगळ्यांचे सलाम, आजारपणं, लग्नाच्या गोष्टी बोलायच्या आणि सुट्टी संपवून परत जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत ती कॅसेट जायची. उत्तर यायला दोन-तीन महिने. आता उत्तर यायला सेकंदसुद्धा लागत नाही. हा बदल मोबाइल कंपन्यांनी केला असं आपण समजतो. पण त्याच्या मुळाशी एक काच आहे, आणि त्या काचेत मिसळलेली, नावसुद्धा न ऐकलेली एक धातू.

मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालून आलेल्या बऱ्याच केबल जमिनीवर चढतात. त्यातली एक आहे सी-मी-वी ४. २००५ साली सुरू झाली, लांबी सुमारे १८,८०० किलोमीटर. सिंगापूरपासून फ्रान्समधल्या मार्सेपर्यंत जाते आणि वाटेत मुंबई, फुजैरा, जेद्दा अशा गावांना लागते. भाईंचं हसणं अशाच एखाद्या केबलमधून आलं असणार. खोल समुद्रात ही केबल बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढीच जाड असते. पोलाद, तांबं, प्लास्टिक यांच्या थरांच्या आत मधोमध काचेचे मोजके धागे. एका धाग्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. प्रकाश चालतो तो त्याच्याही गाभ्यातून, जेमतेम ८ ते १० मायक्रॉनच्या जागेतून. या प्रकाशाची उघडझाप म्हणजे आपला आवाज, आपलं चित्र, आपला ईद मुबारकचा मेसेज.

आता घरी एक करून बघा. खिडकीची सुटी काच किंवा टेबलावरची काच हातात घ्या. समोरून बघितलं तर आरपार दिसतं. कडेने बघा, हिरवीगार दिसेल. काचेत लोहाचा अंश असतो आणि तो प्रकाश खातो. हात-दीड हात काचेत ही अवस्था, तर किलोमीटरभर काचेतून प्रकाश जाणार कसा? १९६६ साली चार्ल्स काओ यांनी इंग्लंडमध्ये बसून हिशेब मांडला की दोष काचेचा नाही, काचेतल्या घाणीचा आहे. घाण काढली तर काच किलोमीटरच्या किलोमीटर प्रकाश नेईल. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने पहिला कामाचा धागा काढला, त्यात किलोमीटरला १७ डेसिबल घट होती. आजच्या धाग्यात ती ०.२ डेसिबलच्या आसपास आहे. साध्या भाषेत, १५ किलोमीटर गेल्यावर निम्मा प्रकाश उरतो, १०० किलोमीटरवर शंभरावा हिस्सा.

ऐकायला छान वाटतं. पण मुंबई ते फुजैरा सरळ रेषेतच सुमारे १८०० किलोमीटर आहे. वाकडीतिकडी केबल म्हणून २००० धरा. हा हिशेब आम्ही फळ्यावर केला तेव्हा वर्ग गप्प झाला. दर १०० किलोमीटरला शंभरावा हिस्सा, असं वीस वेळा. म्हणजे १ वर ४० शून्यं लिहा, तेवढ्यातला एक हिस्सा उरतो. मुंबईहून एक मिलिवॉट प्रकाश सोडला तर त्यात दर सेकंदाला साधारण ८ वर १५ शून्यं एवढे प्रकाशकण असतात. त्यांतला एक तरी फुजैराला पोचावा म्हणून विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत दिवा पेटता ठेवला असता, तरी तो पोचला नसता. काच कितीही साफ करा, समुद्र ओलांडता येत नाही. वाटेत कुणीतरी हात द्यावाच लागतो.

सुरुवातीला हा हात देणारे डबे विजेवर चालायचे. १९८८ साली अटलांटिकखाली पहिली काचेची केबल पडली, टॅट-८ नावाची. तिच्यात ठरावीक अंतरावर डबे होते. डब्यात शिरलेल्या अशक्त प्रकाशाची वीज करायची, ती नीट करून घ्यायची आणि नव्या लेझरने पुन्हा प्रकाश सोडायचा. चालायचं, पण त्या डब्यातली यंत्रणा एका रंगासाठी आणि एका वेगासाठीच बांधलेली. पुढे वेग वाढवायचा म्हटलं तर समुद्राच्या तळातले सगळे डबे बदलायला हवेत. कोण बदलणार?

इथे अर्बियम येतं. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ एका बेटावर इटर्बी नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या खाणीतल्या काळ्या दगडातून एवढी नवी मूलद्रव्यं निघाली की चौघांना गावाचंच नाव मिळालं: इट्रियम, इटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम. अर्बियम वेगळं ओळखलं ते कार्ल मोसांडर यांनी, १८४३ साली. या सगळ्या कुटुंबाला दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं म्हणतात. नाव तसं फसवं आहे. ती जमिनीत फार कमी आहेत असं नाही. ती विखुरलेली असतात आणि एकमेकांपासून सुटी करायला जीव काढतात, कारण रसायनशास्त्राच्या नजरेला सगळी भावंडं जवळपास सारखीच दिसतात.

पण प्रकाशाच्या नजरेला ती सारखी नाहीत. आपल्या जुन्या कोकणी घराचा नकाशा आठवा. बाहेर अंगण, मग ओटी, मग आत माजघर. रस्त्यावर कितीही गलका असला तरी माजघरात बसलेल्या माणसाच्या बोलण्यात फारसा फरक पडत नाही. या मूलद्रव्यांचे कामाचे इलेक्ट्रॉन असेच माजघरात बसलेले असतात, बाहेर दुसऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ओटीची भिंत असते. म्हणून अर्बियमला पाण्यात घाला, स्फटिकात घाला की काचेत घाला, ते कुठले रंग घेणार आणि कुठले देणार हे जवळपास ठरलेलं असतं. एवढंच की काचेत अणूंची रांग नसते, सगळा गोंधळ. प्रत्येक अर्बियम अणूला वेगळा शेजार मिळतो, त्यामुळे त्याचा रंग अगदी थोडासा इकडेतिकडे सरकतो. नेमक्या एका रंगाऐवजी रंगांचा एक पट्टा मिळतो. हा काचेचा दोष पुढे सगळ्यात मोठा गुण ठरला, त्याबद्दल सांगतोच.

हात देण्याचं काम असं चालतं. अर्बियम मिसळलेल्या धाग्यात ९८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा लेझर सोडायचा. हा अवरक्त प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. अर्बियमचा अणू तो पितो, वर चढतो, थोडा खाली घसरतो आणि एका पायरीवर बसून राहतो. किती वेळ? साधारण १० मिलिसेकंद. तुम्ही म्हणाल, हा काय वेळ झाला! पण बरेच अणू आणि रंगद्रव्यं पायरीवर काही नॅनोसेकंदच टिकतात. त्यांच्या मानाने हा दहा लाख पटींचा सब्र आहे. असे अब्जावधी अणू भरलेली शक्ती घेऊन वाट बघत बसलेले असतात. तेवढ्यात मुंबईहून दमून आलेला १५५० नॅनोमीटरचा एक प्रकाशकण जवळून जातो. अणू खाली उतरतो आणि हुबेहूब तसाच दुसरा कण सोडतो. तोच रंग, तीच दिशा, तीच लय. एकाचे दोन, दोनाचे चार. शाळेत प्रार्थनेला एकाने सूर धरला की बाकीची मुलं त्याच सुरात मिळतात, तसं. याला उद्दीपित उत्सर्जन म्हणतात, हे आइन्स्टाइन यांनी १९१७ सालीच कागदावर मांडलं होतं. लेझर यावरच चालतो. फरक एवढाच की लेझरमध्ये दोन बाजूंना आरसे लावून प्रकाश आत फिरवत ठेवतात; इथे आरसे नाहीत, प्रकाश एका बाजूने येतो आणि बळकट होऊन दुसऱ्या बाजूने निघून जातो. १० ते २० मीटर धागा गुंडाळून ठेवला की पुरे, प्रकाश हजारपटसुद्धा करता येतो. विजेचं रूपांतर नाही, भाषांतर नाही, प्रकाशाचा प्रकाशच.

आणि योगायोग बघा. काचेचा धागा सगळ्यात कमी प्रकाश खातो तो १५५० नॅनोमीटरच्या आसपास. अर्बियम प्रकाश देतं तेही नेमकं तिथेच. हे कुणी जुळवून आणलेलं नाही. सिलिकाचा स्वभाव वेगळ्या कारणाने ठरला, अर्बियमचा वेगळ्या. आम्हाला विज्ञान शिकवताना इतकी वर्षं झाली, पण या जागी अजूनही थांबावंसं वाटतं.

काचेत असली धातू घालून लेझर करण्याचा विचार जुना आहे. माणसाने पहिला लेझर पेटवला १९६० साली, माणकाच्या दांडीतून. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत इलायस स्निट्झर यांनी निओडिमियम मिसळलेल्या काचेतून लेझर काढला. १९६४ मध्ये त्यांनी आणि चार्ल्स कोस्टर यांनी तसाच काचेचा धागा स्प्रिंगसारखा एका फ्लॅशच्या दिव्याभोवती गुंडाळून प्रकाश वाढवूनही दाखवला. म्हणजे अॅम्प्लिफायर तयारच होता! पण तेव्हा दूरवर प्रकाश नेणारा धागाच नव्हता, तर तो वाढवणार कशाला? वीस वर्षं ती कल्पना पडून राहिली. १९८७ साली इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन, रॉबर्ट मिअर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी, आणि अमेरिकेत बेल लॅबमध्ये इमॅन्युएल देसुर्वीर यांनी अर्बियमचा धागा चालवून दाखवला. पुढच्या नऊ वर्षांत, १९९६ पर्यंत, टॅट-१२/१३ ही केबल अर्बियमचे डबे घेऊन अटलांटिकच्या तळाशी गेली.

करायला मात्र हे सोपं नव्हतं. शीरखुर्म्यात केशर थेट टाकलं तर एका जागी गोळा होऊन बसतं. आधी कोमट दुधात भिजवावं लागतं. अर्बियमचं तेच. शुद्ध सिलिका काचेला ते मानवत नाही, त्याचे अणू गठ्ठा करून बसतात. गठ्ठ्यात दोन भरलेले अणू शेजारी आले की एक आपली शक्ती दुसऱ्याला देऊन मोकळा होतो, दुसरा नको तितका वर चढतो आणि ती शक्ती उष्णतेत किंवा हिरवट उजेडात वाया जाते. हा हिरवट उजेड खरोखर दिसतो. दोन्ही लेझर न दिसणारे, आणि धागा अंधारात फिकट हिरवा. यावर उपाय म्हणून काचेत थोडं अॅल्युमिनियम घालतात. ते कोमट दुधाचं काम करतं. साउदम्प्टनवाल्यांची रीत तर अगदी स्वयंपाकघरातली वाटते: काचेच्या नळीच्या आत सिलिकाच्या काजळीचा सच्छिद्र थर बसवायचा, तो अर्बियम आणि अॅल्युमिनियमच्या क्षारांच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, भाजून काच करायची, नळी मिटवून दांडी करायची आणि ती दांडी २००० अंशांच्या आसपास तापवून तिचा धागा ओढायचा. पाणी मात्र पूर्ण गेलं पाहिजे, पाण्याचा अंश प्रकाशाचा शत्रू. आणि अर्बियम किती? दहा लाखांत काहीशे हिस्से. चिमूट म्हणणंसुद्धा जास्तच होईल.

आता तो काचेचा दोष. अणूंना वेगवेगळा शेजार असल्यामुळे अर्बियम १५३० ते १५६५ नॅनोमीटरपर्यंतचे सगळे रंग एकदम वाढवतं. म्हणून एकाच धाग्यात ऐंशी-ऐंशी वेगळे रंग एकाच वेळी सोडता येतात. एकावर कुणाचं बँकेचं काम, दुसऱ्यावर सिनेमा, तिसऱ्यावर अम्मींचा कॉल. डब्याला कोण काय बोलतंय याच्याशी देणंघेणं नाही, वेगाशीही नाही. म्हणूनच किनाऱ्यावरची यंत्रं बदलून जुन्या केबलमधून पूर्वीपेक्षा किती तरी जास्त माहिती पाठवता येते, तळाला हात न लावता. मुंबई-फुजैराच्या २००० किलोमीटरमध्ये दर ७० किलोमीटरला एक डबा धरला तर अठ्ठावीसेक डबे होतात. प्रत्येकात प्रकाश पंचविसावा हिस्सा होऊन येतो आणि पुन्हा पहिल्याएवढा होऊन जातो. डब्यातल्या छोट्या लेझरला लागणारी वीज किनाऱ्यावरूनच येते, केबलमधल्या तांब्यातून.

एक अडचण मात्र सुटत नाही. वाट बघणारे काही अणू कुणी न बोलावताच उतरतात आणि भलताच प्रकाशकण सोडतात. तोही पुढच्या डब्यात वाढतो. ही खरखर शून्यावर आणता येत नाही, हा निसर्गाचाच कायदा आहे. म्हणून डब्यांमधलं अंतर, प्रकाशाचा जोर, सगळं तोलून ठेवावं लागतं.

अर्बियमचीच भावंडं आपल्या आसपास इतर कामांत आहेत. लग्नाच्या मांडवात पेट्रोमॅक्स बघितलेली पिढी अजून आहे. तिच्या मँटलमध्ये थोरियमबरोबर एक टक्का सेरियम असायचं, तेही याच कुटुंबातलं. तो मँटल शोधणाऱ्या ऑअर फॉन वेल्सबाख यांनीच १८८५ साली व्हिएन्नात निओडिमियम वेगळं केलं. निओडिमियम घातलेली काच जांभळट गुलाबी दिसते. अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत अशा काचेच्या तीन हजारांहून जास्त लाद्या आहेत, एकेक जवळपास ४२ किलोची. त्यांतून १९२ लेझर झोत निघतात आणि वाटाण्याहून लहान इंधनाच्या गोळीवर एकत्र पडतात. ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल प्रकाश टाकून तिथे ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. वर्तमानपत्रांनी लगेच 'फुकट वीज' असे मथळे दिले. आम्ही मुलांना सांगतो, थांबा: तो प्रकाश तयार करायला भिंतीतून सुमारे ३०० मेगाज्यूल वीज घेतली होती. शिवाय काच उष्णता लवकर सोडत नाही. एकदा झोत सोडला की लाद्या निवायला तासन्‌तास लागतात. एवढ्या मोठ्या आणि निर्दोष लाद्या स्फटिकाच्या करता येत नाहीत, काचेच्या येतात, म्हणून काच. पण थंडपणा मागते.

धाग्याला ही अडचण कमी, कारण तो बारीक असतो आणि सगळीकडून गार होतो. म्हणूनच इटर्बियमच्या धाग्याचे लेझर आज एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापतात आणि सोन्यावर खुणा कोरतात. थुलियमच्या धाग्याचा लेझर मुतखडा फोडायला वापरतात.

आपल्या देशात हे काम होतं का, असं आठवीच्या एका मुलीने विचारलं. होतं. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत असे धागे तयार करण्यावर बरीच वर्षं काम चाललं आहे. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत निओडिमियम, सेरियम भरपूर आहे. अर्बियम मात्र त्या वाळूत फारच थोडं.

या केबल तुटतात तेव्हा त्यांची आठवण होते. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारत आणि आखात दोन्हीकडचं इंटरनेट रखडलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात पुन्हा तेच, त्यात सी-मी-वी ४ सुद्धा होती. मग जहाज जातं, आकडा टाकून केबल वर ओढतं, केसाएवढी काच काचेला वितळवून जोडतं आणि पुन्हा खाली सोडतं.

त्या मुलीचा दुसरा प्रश्न असा होता की हे करायला फिजिक्स लागतं की केमिस्ट्री. आम्ही म्हणालो, दोन्ही. ती म्हणाली, "मग गणित नाही ना?" तेव्हा फळ्यावरची ती ४० शून्यं अजून पुसलेली नव्हती.